अर्धी चूक बाईंची

"चूक माझी! चूक माझी! हात सैल सोडा, श्वास घ्या!"

पत्रा चेपल्याचा आवाज अजून कानात घुमत होता. गाडीचं तोंड कोपऱ्यावरच्या खांबाकडे वळलं होतं, समोरची काच शाबूत होती, आणि काचेपलीकडे एक निळी व्हॅन आमच्या बॉनेटला नाक लावून उभी होती. शेजारच्या सीटवरून बाई ओरडत होत्या. चिडून नव्हे, पोहायला शिकवणारा माणूस काठावरून ओरडतो, तसं. मी स्टिअरिंग असं आवळून धरलं होतं की कोणी गाडी उचलली असती तर मीही तिच्याबरोबर उचलली गेले असते. तो आवाज ऐकला आणि हात सुटले. मग श्वास आला. मग मी रडायला लागले, तेव्हा बाईंनी पुढच्या कप्प्यातून लिंबाची गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

'चूक माझी' ह्या दोन शब्दांपायी बाईंवर ती सीट सोडायची पाळी येईल, असं तेव्हा माझ्या स्वप्नातही आलं नाही.

बाई म्हणजे आमच्या भागातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरीण. उंच, काटकुळ्या, पायात कायम पातळ तळव्याचे बूट. जाड तळव्यातून ब्रेक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिकवण्याच्या गाडीला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्या ब्रेकवर नुसता टेकलेला असायचा, झोपलेल्या मांजरावर हात ठेवावा इतका हलका. हात मांडीवर, आणि नजर अर्धी रस्त्यावर, अर्धी शिकणाऱ्याच्या बोटांवर. "चेहरा खोटं बोलतो, बोटं बोलत नाहीत," असं त्या म्हणायच्या.

स्कूल मूळचं त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे मोठे कडक. त्यांच्या ओरडण्याने रस्त्यावरची कबुतरं उडायची म्हणतात. लग्न होऊन आल्यावर बाईंनाही त्यांनीच गाडी शिकवली. "क्लच! क्लच! अगं, क्लच म्हणजे काय तुझ्या माहेरची पायरी आहे का?" असं ते एकदा कानात ओरडले आणि बाईंनी गाडी सरळ एका कुंपणाच्या भिंतीत घातली. बाई सांगायच्या, "भिंत मला दिसत होती हो. चांगली दिसत होती. पण डोक्यात एकच, आता मामंजी काय म्हणतील! भिंतीकडे लक्ष द्यायला जागाच उरली नव्हती." सासऱ्यांच्या हाताखालून लोक परीक्षा पास व्हायचे आणि नंतर जन्मभर बसने फिरायचे. बाईंचे यजमान तर गाडीच्या वाटेलाच गेले नाहीत. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि चालत्या गाडीत बसले की त्यांना मळमळतं. तेव्हा सासऱ्यांमागे शेजारची सीट बाईंकडे आली, आणि ऑफिसातली खुर्ची, फोन आणि वेळापत्रक त्यांच्या नणंदेकडे. बाई त्यांना 'वन्सं' म्हणत, म्हणून हळूहळू आम्ही सगळे शिकणारेही त्यांना वन्संच म्हणायला लागलो.

सीट हाती येताच बाईंनी सासऱ्यांची पद्धत पार उलटी केली. शिकणाऱ्याने गाडी बंद पाडली, "चूक माझी." गिअर किंचाळला, "चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं." फुटपाथवर चाक चढलं, "चूक माझी, चूक माझी, आता हळूच खाली." दोन शब्द, न रागावता, न थांबता. सुरुवातीला मला वाटलं, बाई फार विनयशील आहेत. मग कळलं की हे त्यांच्या कामाचं हत्यार आहे, पातळ तळव्याच्या बुटांसारखंच.

मी शिकायला गेले ती आमच्या ह्यांच्या मागे. ह्यांची गाडी इमारतीखाली झाकून उभी होती. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक." म्हटलं, विचार करते. विचार केला आणि बाईंकडे नाव घातलं. मुलाला सांगितलं तेव्हा त्याने आधी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आई, तुला साधं कुकरच्या शिट्टीने दचकायला होतं." बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उत्तम. दचकणारी माणसं हॉर्न ऐकतात."

आता अपघात. मी ठासून लिहिते की आम्ही उभ्या होतो. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एक पांढरी पट्टी आहे. त्या पट्टीच्या मागे गाडी थांबवून मी मोठ्या रस्त्यावर जायला मोकळी जागा कधी मिळते ते बघत होते. माझा पाय ब्रेकवर, बाईंचा त्यांच्या ब्रेकवर. गल्लीच्या दुसऱ्या अंगाला, कोपऱ्यावरच, एका जुन्या इमारतीची डागडुजी चालली होती आणि तिथला राडारोडा भरायला एक अवजड लोखंडी पेटारा ठेवलेला होता. ती निळी व्हॅन मोठ्या रस्त्यावरून आमच्या गल्लीत वळली, पेटारा चुकवायला म्हणून भलतीच पसरली, आणि पट्टी ओलांडून आमच्या अंगावर आली. व्हॅन पडदे विकणाऱ्याची होती. मागे गुंडाळलेले पडदे, आणि पुढे तो, कानाला फोन. फोन त्याने आपटल्यानंतर खाली ठेवला.

वाहतुकीचा हवालदार आला, त्याने दोन्ही गाड्या ढकलून कडेला घ्यायला लावल्या आणि मग पडदेवाल्याने फोटो काढले. मग! आमच्या खिडकीची काच उघडी होती. पडदेवाला हवालदाराला म्हणाला, "साहेब, मी कशाला बोलू? बाई स्वतःच म्हणाल्या, चूक माझी. दोनदा म्हणाल्या. मोठ्याने."

हवालदाराने बाईंकडे बघितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हो, म्हटलं ना. यांना जरा पाणी मिळेल का?"

पुढे विमा कंपनीतून फोन आला. दोन्ही गाड्यांचा विमा एकाच कंपनीचा होता. मी तेव्हा ऑफिसातच बसले होते. फोनवरच्या मुलीचा आवाज गोड होता.

"अपघाताच्या जागी तुम्ही 'चूक माझी' असं म्हणालात का?"

"हो, म्हणाले."

"धन्यवाद."

फोन ठेवल्याबरोबर वन्संनी कपाळावर हात मारला. "वहिनी! अगं, कोणी येऊन तुला विचारलं, पाय कापू का, तर तू म्हणशील कुठला कापताय, डावा की उजवा! एवढं सांगायला तोंडाला काय झालं होतं की ते आपलं नेहमीचं आहे म्हणून?"

"त्यांनी म्हणालात का एवढंच विचारलं, वन्सं."

"आणि तू उत्तर दिलंस! शाबास!"

निकाल आला. दोष अर्धा पडदेवाल्याचा, अर्धा आमच्या गाडीचा. कारणं दोन. एक, फोटोत आमची गाडी पट्टीच्या पुढे दिसते. म्हणजे ढकलल्यानंतरच्या फोटोत! आणि दुसरं, शिक्षिकेने जागेवरच चूक कबूल केली. खाली जाता जाता एक ओळ माझ्यासाठी होती: चालक वयोवृद्ध व शिकाऊ. वन्संनी ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शिकाऊ म्हटलं त्याचा राग मानू नका."

हसलो, पण हसण्यासारखं ते नव्हतं. शिकवण्याच्या गाडीचा विमा वेगळा असतो. शिक्षकाच्या नावावर अपघाताचा थोडासाही दोष लागला की वर्ष संपताच कंपनी विमा पुढे चालू ठेवत नाही, आणि विम्याशिवाय दोन ब्रेकची गाडी रस्त्यावर आणता येत नाही. वर्ष संपत आलं होतं. अर्धा दोष बाईंच्या नावावर राहिला असता तर त्यांचं शिकवणं तिथेच संपलं असतं. त्या दिवशी शिकवून आल्यावर बाई गाडीत तशाच बसून राहिल्या, शेजारच्या सीटवर, इंजिन बंद, पाय ब्रेकवर. वन्संनी दारातून ते पाहिलं आणि आत येऊन फोन उचलला.

मी त्यांना इतक्या वेगाने नंबर फिरवताना कधी पाहिलं नव्हतं. "हॅलो, बेकरीवाले का? तुम्ही फाटक तोडलं होतंत ते आठवतंय ना? हो हो, तेच फाटक. त्याचं आता काम पडलंय!"

कंपनीला हरकत कळवली. लेखी उत्तर आलं, निकाल कायम. पुन्हा कळवली. तेव्हा तक्रार अधिकाऱ्यांसमोर बोलावणं आलं. वन्सं म्हणाल्या, "आता बघाच!"

कंपनीतल्या त्या काचेच्या खोलीत चार माणसांना बसायची सोय होती. आम्ही आत शिरलो तेव्हा बाहेरचा सगळा व्हरांडा बाईंच्या जुन्या शिकणाऱ्यांनी भरला होता. बेकरीवाला होता, दवाखान्यातली नर्स होती, शाळेचा शिपाई होता, दोन जुळ्या बहिणी होत्या, आणि ज्यांना मी ओळखत नव्हते असे कितीतरी. बाईंनी त्यांना पाहिलं आणि त्या पटकन भिंतीकडे वळून चष्मा पुसायला लागल्या. मला आठवतं त्याप्रमाणे बाई चष्मा लावत नसत. तो वन्संचा होता.

तक्रार अधिकारी निवृत्तीला आलेले, शांत, घामाघूम गृहस्थ. हातात सतत रुमाल. त्यांच्या शेजारी दावे बघणाऱ्या विभागातला एक तरुण, जाड चष्म्याचा, ज्याने आमचा निकाल लिहिला होता. आम्ही मनातल्या मनात त्याचं नाव चष्मेवाला ठेवलं.

"एकेकाने बोला," अधिकारी म्हणाले.

ते शक्य नव्हतं. "साहेब, मी फाटक तोडलं, अख्खं फाटक!" बेकरीवाला दारातूनच ओरडला. "बाई काय म्हणाल्या? चूक माझी!" नर्स म्हणाली, "मी रुग्णवाहिकेलाच घासली होती, आमच्याच. बाई म्हणाल्या, चूक माझी." एक जुळी म्हणाली, "मी खांबाला धडकले." दुसरी म्हणाली, "खांबाला मी धडकले, तू डबक्यात गेलीस." "डबक्यात तू!" "पण म्हणाल्या दोघींना!"

अधिकाऱ्यांनी रुमाल कपाळावरून फिरवला. "मला एक सांगा. ह्या गाडीत आजवर कोणाचं काही नीट झालं आहे का?"

व्हरांडा हसला. अधिकारीही हसले. मला वाटलं, जिंकलो! आणि तेवढ्यात चष्मेवाल्याने घसा खाकरला.

"साहेब, एक शंका आहे. बाई प्रत्येक वेळी असं म्हणतात, हे मान्य. पण प्रत्येक वेळी म्हणतात म्हणजे खरंच चूक असेल तेव्हाही म्हणतात. मग ह्या वेळची खरी नव्हती, हे कशावरून?"

मी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण मनात म्हटलं, मुलगा हुशार आहे. बाई तर सरळ म्हणाल्याच, "बरोबर आहे त्यांचं."

वन्संच्या घशातून एक आवाज आला. तो लिहून दाखवता येणार नाही.

चष्मेवाल्याला आता हुरूप आला. "आम्ही एवढं करू शकतो. अर्ध्याऐवजी पाव दोष लावू. तुमच्या इतक्या लोकांचा मान राखून."

"पाव?" बाई म्हणाल्या. "पाव दोष म्हणजे कुठला? एक चाक? ब्रेक मारून उभ्या असलेल्या गाडीने पाव चूक कशी करायची, ते तरी मला शिकवा. मी इतकी वर्षं शिकवतेय, मला जमलेलं नाही."

"बाई, पाव फार नाही."

"पावानेही माझी सीट जाते. आणि समजा जात नसती, तरी मी ती घेतली नसती. यांच्या डोक्यात बसेल की आपण पावभर चुकलो." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मग यांचे हात पुन्हा सैल होणार नाहीत. साहेब, तुम्ही जागा बघायला चला. आजपर्यंत कोणीच ती बघितलेली नाही. सगळे फोटो बघताय."

अधिकाऱ्यांनी पुढ्यातले फोटो एकावर एक रचले. मग उठले. "चला. पण त्या दिवशी ज्या चालवत होत्या त्यांनीच चालवायची. त्या दिवशी जसं होतं तसंच."

गॅरेजवाल्याने आमची वाकडी गाडी चालण्याजोगी करून दिली होती, एक दिवा चिकटपट्टीने बांधला होता. खाली उतरताना वन्संनी बाईंना जिन्यात कोपऱ्यात घेतलं. मी मागेच होते.

"वहिनी, आता माझं ऐक. आकाश कोसळलं तरी ते दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. हा रुमालवाला मागे बसणार आहे. तू म्हणालीस की संपलं. लिहून घेईल."

"बरं, वन्सं."

"बरं नको. शपथ घे."

"बरं म्हटलं ना!"

मागच्या सीटवर अधिकारी मधे, एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला वन्सं. वन्संना कोणी बोलावलं नव्हतं. त्या आधीच जाऊन बसल्या होत्या. मी किल्ली फिरवली आणि फाटकातच गाडी बंद पाडली.

कोणीच काही म्हणालं नाही.

त्या शांततेची मला सवय नव्हती. मी पुन्हा चालू केली, गाडीने उडी मारली, अधिकाऱ्यांचं डोकं छताला लागलं. बाईंचे ओठ हलले आणि मिटले. मी आरशातून बघितलं, वन्सं त्यांच्या मानेकडे डोळे वटारून बघत होत्या. पुढच्या वळणावर मी इशारा द्यायचा विसरले. मागून कोणीतरी भोंगा वाजवला. बाई गप्प. माझ्या डोक्यात आता रस्ता नव्हताच. डोक्यात अधिकारी होते, चष्मेवाला होता, "वयोवृद्ध व शिकाऊ" होतं, आणि माझ्यामुळे बाईंची सीट जाणार हे होतं. बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. बाईंनाही दिसत असणार. त्यांचे हात मांडीवर एकमेकांना पिळत होते.

गल्लीच्या तोंडाशी आलो. पांढरी पट्टी दिसली. मी पट्टीच्या मागे थांबायला वेग कमी केला, आणि नेमका त्याच वेळी मोठ्या रस्त्यावरून वाळूचा एक ट्रक गल्लीत वळायला लागला. पेटारा अजून तिथेच होता. ट्रकने तो चुकवला आणि त्याचं अवाढव्य तोंड आमच्या बाजूला आलं. मोठं होत होत आलं! माझा पाय ब्रेकवरून घसरला. कशावर गेला ते मला माहीत आहे, कारण गाडी पुढे ओढली गेली.

"चूक माझी! चूक माझी! हात सैल सोडा!"

बाईंचा पाय खाली गेला, आणि माझे हात ऐकल्याबरोबर सुटले, जणू कोणी दोरी कापली. पाय आपोआप जागेवर आला. दोन्ही ब्रेक एकदम लागले आणि गाडी पट्टीच्या मागे थांबली. ट्रकची बाजू आमच्या पुढून सरकत गेली, इतक्या जवळून की तिच्यावरच्या चिखलात कोणी बोटाने काढलेलं चित्र मला नीट दिसलं. मागून चष्मेवाला "आई गं!" म्हणून ओरडला आणि त्याने वन्संचा हात धरला.

ट्रक गेला. गाडीत कोणाचा श्वास कोणाचा, ते कळत नव्हतं.

"वहिनी," वन्सं मागून बारीक आवाजात म्हणाल्या, "काय केलंस हे?"

बाई मागे वळल्या. चेहरा लाल झाला होता. "काय केलं? वन्सं, यांची बोटं बघितलीत तुम्ही? आणखी जरा गप्प बसले असते तर आपण सगळे ट्रकखाली असतो, आणि मग विमा उतरवला असता त्याचा!"

अधिकारी पुढे वाकले. "बाई, आत्ता तुमच्याकडून काय चूक झाली?"

"झाली ना. कंपनीच्या फाटकापासून इथपर्यंत गप्प बसले, ही."

"ती सोडून. ट्रक आला तेव्हा."

"काही नाही."

"मग म्हणालात का?"

"कारण दोष कोणाचा, ही काळजी डोक्यात शिरली की माणूस रस्ता बघत नाही. पहिला ओरडा कोण खाणार, ह्याचंच बघतो. म्हणून ती काळजी मी आधी काढून घेते. ती माझ्याकडे आली की यांना गाडी दिसते. त्या दिवशीही तेच. यांचे हात दगड झाले होते आणि इंजिन चालू होतं. पाय ब्रेकवरून घसरला असता तर गाडी खांबावर गेली असती." त्या थांबल्या. "तुम्हाला जे लिहायचं ते लिहा. मला ते बंद करता यायचं नाही. हे न म्हणता शिकवायचं असेल तर सीट गेलेली बरी."

अधिकारी गाडीतून उतरले. आम्हीही सगळे उतरलो. ते पट्टीवर जाऊन उभे राहिले, वरून खाली, खालून वर पाहिलं. एक स्कूटर वळली, पेटारा चुकवून पट्टीला घासून आमच्या बाजूने गेली. एक दुधाचा टेम्पो वळला, तोही तसाच. "म्हणजे इथे सगळेच—" अधिकारी म्हणायला लागले, तेवढ्यात एक पांढरी मोटार भरधाव वळली आणि चष्मेवाल्याने त्यांना शर्टाला धरून मागे खेचलं. रुमाल पट्टीवर पडला. मोटारीचं चाक त्यावरून गेलं.

अधिकारी रुमालाकडे बघत राहिले. मग चष्मेवाल्याकडे वळले. "उभा होतो ना मी?"

"हो साहेब. अगदी उभे होता."

"माझी पाव चूक झाली का?"

चष्मेवाला लाजला. चांगला मुलगा होता. लाजला आणि मग हसलाही. "नाही साहेब. पण साहेब, हे आधी बघायला हवं होतं. मी."

"नाव काय ह्या बांधकामवाल्याचं?" अधिकारी म्हणाले आणि पेटाऱ्यावर लिहिलेलं नाव टिपून घ्यायला गेले. निकालाबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. परत जाताना मी गाडी चालवली आणि बाई सबंध वाटभर नेहमीसारख्या बोलत होत्या. गाडी एकदाही बंद पडली नाही. पण त्या उतरल्या तेव्हा मी पाहिलं, त्यांनी शेजारच्या सीटच्या पाठीवर हात फिरवला, ठेवणीतली वस्तू कोणाला देऊन टाकायच्या आधी फिरवतात तसा.

मग वाट बघणं. वन्सं टपालवाल्यावर अशा झडप घालायच्या की तो बिचारा पलीकडच्या फुटपाथवरून यायला लागला. बाई शिकवत राहिल्या. त्यांचा एक नियम होता, धडा चालू असताना कोणी हाक मारायची नाही, फोन करायचा नाही, हात दाखवायचा नाही. शिकणाऱ्याचं लक्ष उडतं. वन्संनी तो नियम आजवर कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी मी दोन उभ्या मोटारींच्या मध्ये गाडी मागे घेत घालायला शिकत होते. गाडी गोगलगायीच्या चालीने मागे चालली होती. मान मागे, चाक पूर्ण वळवलेलं, जीभ दातांत. आरशात मला एक बाई धावत येताना दिसली. चपला हातात, केस सुटलेले.

"बाई, वन्सं!"

"आरसा बघा, वन्संना नको."

"पण धावतायत!"

"धावू देत. मागचं चाक कुठे आहे?"

वन्सं आमच्या बरोबरीला आल्या आणि गाडीबरोबर मागे मागे धावायला लागल्या, खिडकीत डोकं घालून. दम लागल्याने शब्द फुटत नव्हता. "पूर्ण... वहिनी... पूर्ण त्याचा!"

"वन्सं, पाय चाकाखाली जाईल, बाजूला व्हा. चाक सरळ करा. हळू. हळू."

"अगं पूर्ण दोष पडदेवाल्याचा! तुझा शून्य! विमा चालू! साहेबांचा फोन होता, स्वतःचा! वहिनी, ऐकतेस का?"

"ऐकतेय. अजून थोडं मागे. बस. ब्रेक. आता हँडब्रेक ओढा. गिअर काढा. किल्ली बंद."

मी किल्ली बंद केली. बाईंनी माझी बोटं बघितली, समाधानाने मान हलवली, दार उघडलं आणि बाहेर पाय ठेवला. आणि मग त्या वन्संकडे झेपावल्या. वन्संनी त्यांना धरलं. दोघी भर रस्त्यात एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, रडत होत्या, आणि वन्सं मधेच "माझ्या चपला कुठायत?" म्हणत होत्या, चपला हातात असताना. मागे एक रिक्षा अडली होती, तिच्यामागे आणखी दोन गाड्या. रिक्षावाला खाली उतरला आणि त्याने मला विचारलं, "काय झालं हो? लॉटरी लागली का?"

"सीट राहिली," मी म्हणाले.

त्याला काही कळलं नाही, पण तो टाळ्या वाजवायला लागला. त्याच्यामागच्यांनी भोंगे वाजवले, आधी रागाने आणि मग त्याचं बघून मजेने. गाडी मी पुरती तिरकी लावली होती, मागचं चाक फुटपाथवर चढलेलं. कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.